दातांच्या दवाखान्यात शुगरची फाईल कशाला? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमध्ये गेली बावीस वर्षं मी दातांचा दवाखाना चालवते. पेशंटचे खरे प्रश्न खुर्चीत बसलेले असताना येतच नाहीत. ते येतात दारात, चपला घालताना. "डॉक्टर, एक विचारू का?" असं म्हणून जे विचारलं जातं, ते इथे लिहून काढलं आहे. जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे उत्तर लांबलं आहे.

दात दाखवायला आलो, तर शुगर, बीपी, गोळ्या हे सगळं का विचारता?

याचं उत्तर माझ्या वडिलांवरून देते. साठी ओलांडल्यावर त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मी दोनदा स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) केलं, ब्रश बदलायला लावला, चूळ भरायचं औषध दिलं. दोन-तीन आठवडे बरं वाटायचं, की पुन्हा सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. सडपातळ अंगाचा, रोज पर्वती चढणारा माणूस, घरात कुणाला मधुमेह नाही. शुगर तपासावी हे माझ्या मनातही आलं नाही. वर्षभराने पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९.८! तोवर खालचे पुढचे दोन दात हलायला लागले होते. ते मला वाचवता आले नाहीत. तेव्हापासून नव्या पेशंटच्या कागदावर मी पहिली ओळ आजारांची आणि औषधांची लिहिते, दाताची नंतर.

सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही हा समज खोटा ठरवणारं काम पुण्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसतो, पण आतून तसे असतोच असं नाही.

मधुमेहामुळे हिरड्या बिघडतात, की हिरड्या बिघडल्यामुळे शुगर वाढते?

दोन्ही. आणि म्हणूनच हा फेरा तोडायला अवघड जातो.

रक्तातली साखर सतत जास्त राहिली की हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, झिजलेलं ऊतक भरून यायला वेळ लागतो. लाळ कमी होते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये कीटण साठून खोल कप्पे तयार होतात, त्यांत पू धरतो, आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू विरघळतं. हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. पेशंट म्हणतात, "दुखत नव्हतं म्हणून आलो नाही." हिरड्यांच्या आजारात दुखेपर्यंत थांबणं म्हणजे दात हलेपर्यंत थांबणं.

दुसरी बाजू अशी की, हिरड्यांत कायम सूज असली की तिथून सूज वाढवणारी रसायनं रक्तात जातात आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं. हिरड्यांचे उपचार नीट केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.३ ते ०.४ ने उतरतं, असं अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. आकडा लहान वाटतो, पण मधुमेहाचे डॉक्टर तेवढ्या उतारासाठी कधी कधी एक जादा गोळी सुरू करतात. अर्थात स्केलिंग केलं म्हणून मधुमेहाची गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

एचबीए१सी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, मधला पट्टा सावध होण्याचा. हिरड्या वारंवार सुजत असतील, तोंडाला कोरड पडत असेल किंवा कवळीखाली लाल चट्टा आणि पांढरा थर येत असेल, तर ही तपासणी करून घ्या.

गोड पूर्ण बंद करायचं का? गूळ तर चालेल ना?

दाताच्या जंतूंना साखर, गूळ, मध, खडीसाखर सगळं सारखंच. ते खाऊन हे जंतू आम्ल सोडतात. तोंडाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातले क्षार सुटायला लागतात. मग लाळ आपलं काम करते आणि अर्ध्या ते एका तासात तोंड पुन्हा पूर्वपदावर येतं, गेलेले क्षारही थोडे परत बसतात. म्हणून किती खाल्लं यापेक्षाही किती वेळा खाल्लं याला दातांच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे.

हे स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात एका मनोरुग्णालयात झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. तिथल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला देऊन त्यांचे दात किडवले गेले. ते घोर चूक होतं, पण कळलं ते असं की जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. तीच साखर दोन जेवणांच्या मध्ये चिकट रूपात खाल्ल्यावर झपाट्याने वाढली.

हिंजवडीत काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. रात्री न चुकता ब्रश करणारा. तरी वरच्या आठ दातांना हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे आणि मध्ये तपकिरी खड्डे. विचारत विचारत गेल्यावर कळलं, टेबलावर कोल्ड ड्रिंकची बाटली दुपारी उघडायची आणि संध्याकाळी कॅबमध्ये ट्रॅफिकला बसल्यावर संपायची. बाटली एकच, पण तोंडावर मारा पाच तासांचा. तीच गत अमृततुल्यच्या चहाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत असावी, पंचवीसच्या आत असली तर उत्तम. पंचवीस ग्रॅम म्हणजे सुमारे सहा चमचे. कपात दोन चमचे धरले तर तीन चहात तो हिशेब संपला, बिस्किट बाजूलाच.

आपल्या जुन्या पंगतीत श्रीखंड किंवा जिलबी जेवणाच्या मध्येच वाढत आणि शेवट दहीभाताने किंवा ताकभाताने होई. दातांच्या दृष्टीने हा क्रम मला फार शहाणा वाटतो. दही आंबट असूनही दात झिजवत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. तेव्हा मोदक खा, पुरणपोळी खा, पण जेवणाच्या ताटात. दुपारी चारला, मग सहाला, मग टीव्हीसमोर, असं नको.

उपासाने दात किडतात का?

उपासाने नाही, उपासाच्या खाण्याने किडू शकतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, राजगिऱ्याची चिक्की हे सगळं दाढांच्या खाचांत चिकटून बसतं, आणि पिष्टमय पदार्थाचीही तोंडात साखर होते. श्रावणात सोमवार आणि शनिवार धरणाऱ्या माझ्या एका पेशंटबाई दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहायच्या. त्यांना मी एवढंच सांगितलं: दोनदा पोटभर खा, मध्ये पाणी प्या, फळ खायचं ते खाण्याबरोबरच खा, आणि शेवटी दाणे किंवा ताक घ्या. उपास मोडायची गरज नाही.

सकाळी लिंबू-मध-पाणी घेते. दात आंबल्यासारखे होतात.

होणारच. लिंबाच्या आम्लाने दाताचं कवच मऊ पडतं आणि लगेच ब्रश केला तर ते मऊ कवच घासून निघतं. जंतूंचा यात काही संबंध नाही, म्हणून कितीही स्वच्छता ठेवली तरी झीज होते. लिंबू जेवणात वरणावर पिळून घ्या. पाणी प्यायचंच असेल तर घोट घोट न घेता एकदम प्या, साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या-एक तासाने करा.

वरच्या पुढच्या दातांची आतली, म्हणजे टाळूकडची बाजू गुळगुळीत आणि पातळ झालेली दिसली तर मी पेशंटला ॲसिडिटीबद्दल विचारते. रात्री आंबट पाणी घशाशी येत असेल तर ते नेमकं तिथेच लागतं. अशा वेळी पोटविकाराच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी दात भरत नाही, कारण नाहीतर भरलेलंही झिजत राहतं.

जीभ लाल, गुळगुळीत झाली आहे. साधी आमटीही झोंबते. उष्णता आहे का?

"उष्णता" म्हणून सब्जा आणि गुलकंद खात महिनोन् महिने काढलेले पेशंट मी पाहते, आणि वाईट वाटतं. कारण यामागे बऱ्याचदा बी१२ किंवा लोहाची कमतरता असते. जिभेवरचे बारीक उंचवटे झिजतात, जीभ मांसासारखी लाल किंवा फिकट दिसते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात, वारंवार तोंड येतं. हातापायांना मुंग्याही येत असतील तर बी१२ आजच तपासा, कारण नसांचं नुकसान लांबलं की ते पूर्ण भरून येत नाही.

बी१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून मिळतं, पण चहापुरतं दूध घेणाऱ्याला ते पुरत नाही. पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी१२ कमी आढळलं होतं. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ आणखी घटतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी पेशंटची जीभ मी नेहमी बाहेर काढायला लावते. आणि मनाने नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणजे व्हिटॅमिन सी कमी, बरोबर?

क्वचित. बहुतेक वेळा कारण कीटण असतं, आणि त्याला गोळी नाही, सफाई लागते. आवळा आणि पेरू मात्र जरूर खा. पेरूमध्ये संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त व्हिटॅमिन सी असतं.

बीपीच्या गोळीने हिरड्या वाढतात असं ऐकलं.

खरं आहे. अम्लोडिपिन, निफेडिपिन या गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. फिट्सची फेनिटॉइन आणि किडनी प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन यांनीही तसं होतं. दात स्वच्छ असतील तर हा त्रास बराच कमी राहतो. गोळी बदलायची का, हे तुमचे फिजिशियन ठरवतील. मी फोन करून त्यांच्याशी बोलते.

बीपी, ॲलर्जी, नैराश्य, झोप यांच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ आटते. लाळ ही दातांची राखणदार. ती कमी झाली की ज्येष्ठांच्या दातांची मुळं वर्षभरात किडतात. पोळी पाण्याशिवाय गिळवत नसेल तर तेही मला सांगा.

हृदयाची गोळी चालू आहे. दात काढण्याआधी बंद करू का?

नाही. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. दाताच्या जागेचं रक्त टाका घालून, दाबून थांबवता येतं. हृदयातल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती तशी थांबवता येत नाही. काही गोळ्यांसाठी एक-दोन दिवस आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून यावं लागतं. ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवू.

कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला असेल, तर हिरडीतून रक्त येईल अशा उपचाराआधी प्रतिजैविकाचा एक डोस द्यावा लागतो. हे आधी कळलंच पाहिजे. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो, हेही खरं. पण हिरड्या बऱ्या केल्या की हार्ट अटॅक टळतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तसं वचन मी कुणाला देत नाही.

आईला हाडांच्या ठिसूळपणाची गोळी चालू आहे. त्याचा दाताशी काय संबंध?

फार जवळचा, आणि हीच गोळी सांगायची सर्वांत जास्त राहून जाते. कारण ती रोजची नसते. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रोजच्या डबीत ती नसतेच. कपाटात वेगळी ठेवलेली असते. वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन तर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरून येत नाही. ठिसूळपणासाठी घेतलेल्या गोळीत हा धोका कमी असतो, कॅन्सरसाठी दिलेल्या मोठ्या डोसच्या इंजेक्शनांत बराच जास्त. औषध सुरू करण्याआधीच काढायचे दात काढून, टोचणारी कवळी नीट करून घ्यावी. आधीच सुरू असेल तर घाबरून बंद करू नका, मोडलेलं हाड हा जास्त मोठा त्रास आहे. शक्य तिथे मी अशा पेशंटचा दात काढण्यापेक्षा रूट कॅनाल करते.

बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं ना?

नाही. कॅल्शियम लागलंच तर ते हाडांतून जातं, दातांतून नाही. गरोदरपणात दात बिघडतात ते उलट्यांमुळे, वेळी-अवेळी खाण्यामुळे आणि संप्रेरकांमुळे हिरड्या पटकन सुजतात म्हणून. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा. उपचाराला चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. पण दात ठणकत असेल, सूज असेल, तर कोणत्याही महिन्यात या. "डिलिव्हरी होऊ दे, मग बघू" म्हणून सासूबाई थांबवतात. जंतुसंसर्ग अंगात ठेवणं बाळासाठी जास्त वाईट.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग भरायचे कशाला?

शेवटची दुधाची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकायची असते. ठणकणाऱ्या दाढेने मूल नीट जेवत नाही, आणि ती लवकर काढावी लागली तर तिच्या जागी येणारा कायमचा दात वाकडा येतो.

आणखी एक, आईबाबांनो. साधारण सहाव्या वर्षी सर्वांत मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं ती दुधाचीच. ती कायमची असते, आणि मी भरते त्या कायमच्या दाढांपैकी बऱ्याच याच असतात. रात्री बाटलीत साखर घातलेलं दूध देऊन झोपवू नका, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवून जा.

डेंग्यूत हिरड्यांतून रक्त आलं तर तुमच्याकडे यायचं का?

नाही, थेट फिजिशियनकडे किंवा रुग्णालयात. ताप असताना दाढ दुखली म्हणून मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

करोनानंतरची काळी बुरशी अजून होते का?

२०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर पुण्यात तिने अनेकांचे वरचे जबडे नेले. त्यांतल्या बहुतेकांची साखर वाढलेली होती, अनेकांना स्टेरॉइड दिलेली होती. ती लाट गेली, पण साखर बेताल असेल तर हा आजार आजही होतो. एकाच बाजूचे वरचे दोन-तीन दात अचानक हलू लागले, गाल बधिर झाला, नाकातून काळपट खपली आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आजी मिसरी लावते. दात तर मजबूत आहेत तिचे.

मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. तिने हिरडी बधिर होते, म्हणून दुखणं कळत नाही आणि दात "मजबूत" वाटतात. आजीच्या गालाच्या आत आणि खालच्या ओठामागे बोट फिरवून बघा: पांढरा, जाडसर, पुसून न निघणारा चट्टा आहे का? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मिसरी मात्र घराघरांत डबीत असते. तोंडातली कोणतीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा तपासायला पाठवावाच लागतो. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. आजी ओरडली तरी तिला घेऊन या. मी बोलते तिच्याशी.

मला मधुमेह आहे. दात काढायच्या दिवशी उपाशी यायचं का?

अजिबात नाही. सकाळची वेळ घ्या, नेहमीसारखे पोहे किंवा उपमा खा, नेहमीची औषधं घ्या. इन्सुलिन टोचून न खाता तर कधीच येऊ नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, कपाटातली ती आठवड्याचीसुद्धा, आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. खुर्चीत असताना दरदरून घाम आला, हात थरथरले, तर हात वर करा. मी तोंडातलं सगळं बाजूला काढून आधी साखर देईन. सुरू करण्याआधी ग्लुकोमीटरवर एकदा बघू. आकडा फार वर असेल आणि दात थांबण्यासारखा असेल तर पुढची तारीख घेऊ.

घरी गेल्यावर गाल बधिर असेपर्यंत चावायचं काही नको, पण जेवण चुकवू नका. दहीभात, मऊ मुगाची खिचडी, गार झालेली. आठवड्याने खड्डा दाखवायला या, तुमच्यासाठी तो भरायला थोडा जास्त वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर तारखेची वाट न बघता सरळ निघून या.